दाराची आतली बाजू

१

दार चोरीला गेलं होतं.

ऐकणाऱ्याला आधी वाटायचं, दार फोडून काहीतरी चोरीला गेलं असेल. तसं नव्हतं. पुराव्याच्या खोलीचं स्वतःचं दार धडधाकट होतं, त्याचं कुलूप धडधाकट होतं, आतली कपाटं, खोकी आणि धूळ जिथल्या तिथे होती. फक्त मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं एक जुनं हिरवं दार, दोघांशिवाय न उचललं जाणारं, तेवढं नव्हतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता.

तपासनीस त्या चौकोनाकडे बघत उभी राहिली. ती मुळात विमा कंपनीतली. स्वतःच्या दुकानाला आग लावून स्वतःच गळा काढणारे दुकानदार तिने पाहिले होते. एकाच विम्यावर तीनदा मेलेली म्हैसही पाहिली होती, आणि म्हैस तब्येतीने उत्तम होती. पण दाराची चोरी तिला नवीन होती.

"खिशात घालून नेलं असेल," ती म्हणाली.

भरपाई मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, जिन्याच्या वरच्या टोकावरूनच घाम पुसत म्हणाले, "दुपारी आम्ही निकालावर सह्या करणार. त्याच्या आत दार सापडायला हवं."

"आणि नाही सापडलं तर?"

उत्तर संस्थेच्या वकिलाने दिलं. "तर पुराव्याशी छेडछाड. ती अर्जदाराच्या बाजूने झाली असेल तर अर्ज बाद. आणि हा अर्ज पहिला आहे, ताई. यात जे ठरेल तेच बाकी सगळ्या बायकांना लागू."

ज्या जागेबद्दल हे चाललं होतं, जी ही संस्था चालवायची, तिला लोक नुसतं सदन म्हणायचे. लग्नाआधी दिवस गेले की घरचे मुलीला तिथे नेऊन सोडत. बाळंत झाल्या की या आया धुलाईघरात राबत, बाळं समोरच्या खोलीत ठेवली जात, आणि एक दिवस बाळ परस्पर कोणाला तरी देऊन टाकलं जाई. आता त्या आया म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि मंडळाला एकच गोष्ट ठरवायची होती. त्यांना कोंडलं होतं, की त्या स्वेच्छेने राहिल्या? कोंडलं असेल तर भरपाई, आणि मूल हिरावून नेलं अशी सरकारी कबुली. स्वेच्छेने असेल तर माफीचं छापील कार्ड आणि एक कुंडी.

तपासनीस व्हरांड्यात आली. भिंतीलगत ओळीने कुंड्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला रिबन बांधलेली.

सह्या दुपारी होणार होत्या. कुंड्या सकाळीच आल्या होत्या.

२

"दार सापडलं तर सगळ्यात जास्त आनंद मला," वकील म्हणाला. "संस्थेच्या मालकीची वस्तू आहे. मंडळाने परत न्यायला परवानगी दिली, म्हणून तर टेम्पो घेऊन आलो. बघतो तर दारच नाही."

"नेऊन काय करणार होता?"

"जाळणार," तो म्हणाला. "म्हणजे, जुनं लाकूड. वाळवी लागते."

त्याने धुलाईघराच्या त्या दाराचे फोटो दाखवले. दाराच्या एका बाजूला हँडल होतं. दुसऱ्या बाजूला नव्हतं, आणि त्या बाजूला ओरखडे होते. लाकडात उतरलेले, एकावर एक.

"हँडल नसलेली बाजू आतली," तपासनीस म्हणाली. "आत आया."

"असं कसं म्हणता? चौकटीतून काढलेल्या दाराला आत कुठलं आणि बाहेर कुठलं?" वकील प्रेमाने समजावू लागला. "हँडल आतच होतं. बाहेर नव्हतं, कारण बाहेरून भलतं कोणी शिरू नये. मुलींची सुरक्षितता. मुली हव्या तेव्हा बाहेर पडू शकत होत्या."

"मग परत आत कशा यायच्या?"

"दार वाजवून."

"ती इमारत बघता येईल?"

"दुरुस्तीसाठी पाडली."

"पाडून दुरुस्ती?"

"मुळापासून करायची होती."

तपासनिसाने फोटोवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"मांजर," वकील म्हणाला.

"इतक्या उंचीवर?"

"धष्टपुष्ट असायची. सदनात दूध मुबलक होतं. बाळं होती ना."

तो मस्करी करत नव्हता. विम्याच्या धंद्यात लोक खोटं बोलायचे, पण निदान बोलताना घसा खाकरायचे.

"अध्यक्षांनी हे मान्य केलं?"

"त्यांनी फोटो पाहिला. दार बघायला एक मजला खाली उतरावं लागलं असतं, त्यांचे गुडघे दुखतात." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "माझ्यावर वेळ घालवू नका. दार नाहीसं होऊन माझा काय फायदा? मी तर जिंकलोच होतो."

तपासनिसाला सगळ्यात जास्त धक्का याचाच बसला. हे मात्र खरं होतं.

३

इमारतीला फाटक एकच, आणि फाटकावर रखवालदार एकच.

"काल संध्याकाळी माणसं गेली, रिकाम्या हातांनी," तो म्हणाला. "दार रात्री एकटं चालत गेलं असेल तर सांगता येत नाही."

"आत कोण कोण होतं?"

"नेहमीचेच. रंगारी, सचिवबाई, आपले सुतार."

"किल्ली कुठे असते?"

"सचिवबाईंच्या टेबलामागे खिळ्याला. खाली 'किल्ली' असं लिहिलंय, म्हणजे कोणाचा घोटाळा नको."

बोलता बोलता तो उठला. प्रवेशाच्या दाराशी एक म्हातारी बाई येऊन थांबली होती. दार नुसतं ढकलायचं होतं, पण ती हात बाजूला सोडून, मान किंचित खाली घालून उभी राहिली होती. रखवालदाराने दार उघडलं तशी ती आत आली.

"बघितलंत?" तो कुजबुजला. "या अर्जवाल्या आजीही तशाच आणि आमच्या सचिवबाईही तशाच. दारापाशी येऊन उभ्या राहणार, हात म्हणून लावणार नाहीत. राण्या सगळ्या."

आजी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून, एक पुरुष खुर्चीचा पाय ठोकत बसला होता. त्याच्या मनगटावर बदामी रंगाचा ठिपका होता.

"तुम्ही मंडळाचे सुतार?" तपासनिसाने विचारलं.

"मी मंडळाचा कोणी नाही. या बाईंबरोबर येतो. तारखेला नुसतं बसवत नाही, म्हणून खुर्च्या नीट करतो."

"या तुमच्या आई?"

"कागद तसं म्हणतात." त्याने खिळा ठोकला. "मला सांगितलं होतं, तुझ्या आईने तुला देऊन टाकलं. मागच्या वर्षी या बाई शोधत आल्या, म्हणाल्या, मी दिलं नाही. कोणाचं खरं धरायचं? मंडळ सांगेल ते खरं."

आजी शांतपणे ऐकत होती, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट असल्यासारखी.

"आजी, एक विचारू? तुम्ही दारापाशी का थांबता?"

"हात पुढे केला की पट्टी बसायची, पोरी." तिने बोटं पुढे केली. दोन वाकडी होती. "दार आपण उघडायचं नसतं. कोणी उघडलं की जायचं. आता घरात मी एकटी, तरी न्हाणीच्या दाराशी उभी राहते. मग आठवतं, अगं, तूच उघडायचंयस. दरवेळी हसू येतं बाई."

आणि ती खरंच हसली.

"हा समोरच्या खोलीत होता ना," ती म्हणाली. "रडला की मला बरोब्बर कळायचं. याचं रडणं वेगळं होतं, शेवटाला चढत जायचं."

सुताराची हातोडी थांबली.

"मग?" तपासनिसाने विचारलं.

"मग काय? मधे दार होतं."

४

तपासनीस वरच्या मजल्यावर गेली आणि चहा मागितला. तिला चहा नको होता, हातात काहीतरी धरायला हवं होतं.

वर दुरुस्ती चालू होती. रंगाऱ्याने दोन लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या फळीवर कप ठेवला. तिने साखर ढवळली, चमचा बाजूला ठेवला, आणि चमचा नाहीसा झाला. खाली फरशीवर खणखणला.

फळीला भोक होतं. वाटोळं, काठाजवळ.

"टेबलाला भोक कशाला?"

"चहा सांडला तर निघून जायला," रंगारी गंभीरपणे म्हणाला. "आमच्याकडे सगळ्या सोयी आहेत."

"कधीचं आहे हे टेबल?"

"कालचंच. त्या सुतारभाऊंनी करून दिलं. म्हणाले, उभ्याने काय चहा पिता. भला माणूस."

तपासनीस वाकली. फळीच्या एका लांब कडेला खाचा होत्या, बिजागरीच्या मापाच्या. समोरच्या कडेला कुलपाची जीभ जाते तसा पितळी पत्रा. ती दारावर चहा पीत होती.

पण हे हिरवं नव्हतं. हे साधं, सरकारी, बदामी दार होतं, याच इमारतीतलं. तिने कप तसाच सोडला आणि मजला पालथा घातला. प्रत्येक चौकटीत दार होतं. संडासालासुद्धा होतं, आणि सरकारी इमारतीत ही शोध घेण्यासारखी गोष्ट होती.

ती जिन्यात बसली. सकाळपासून सगळे एक दार कमी आहे म्हणून बोंबलत होते. इथे तर एक दार टेबल झालं होतं, आणि तरी एकही चौकट उघडी नव्हती. म्हणजे एका चौकटीत दुसरंच दार होतं.

वरच्या व्हरांड्यात आल्यापासून ताज्या रंगाचा वास कुठून येत होता, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. एकाच ठिकाणाहून. अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीतून.

५

त्या खोलीकडे जाताना तिला सचिवबाई दिसल्या. हातात फाइल, डोळ्यांवर चष्मा, इस्त्रीची घडी न मोडलेली. त्या नोंदणी विभागाच्या बंद दारासमोर उभ्या होत्या. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. हात बाजूला, मान किंचित खाली.

तपासनीस बघत राहिली. बाईंचा हात उठला नाही. शेवटी तिने पुढे होऊन दार उघडलं.

"थँक यू," सचिवबाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही सदनात कुठल्या खोलीत होतात?"

फाइल पडली नाही, चष्मा सरकला नाही. चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला.

"समोरच्या," त्या म्हणाल्या. "मुलांच्या. मला कोणी नेलं नाही. वयात येईपर्यंत तिथेच."

"म्हणजे ते दार..."

"रोज बघत होते. हँडल आमच्या बाजूला होतं." त्या थांबल्या. "चालायला लागले तेव्हा ते माझ्या डोक्याच्या वर होतं. पलीकडून नखांचा आवाज यायचा. मला वाटायचं, दारं अशीच वाजतात. पुढे हात पोचायला लागला, तोवर हात लावायचा नसतो हे शिकवून झालं होतं."



"साक्ष का नाही दिलीत?" तपासनिसाने विचारलं.

"साक्षीदाराला सचिव राहता येत नाही. आणि मी सचिव नसते तर ते दार भंगारवाल्याकडून इथे कोणी आणलं असतं? आणलं, तर अध्यक्ष म्हणे फोटो पुरे. आज टेम्पो येणार होता."

"दार उचलताना दुसरं टोक कोणी धरलं?"

"परवा तो सुतार म्हणाला, एकदा बघू द्या. मी किल्ली दिली. ओरखड्यांवर हात ठेवून उभा राहिला बराच वेळ. मग एवढंच म्हणाला, याला चौकट पाहिजे." सचिवबाईंनी चष्मा काढला. "काल आम्ही दोघांनी ते बैठकीच्या खोलीला बसवलं, बाहेरच्या बाजूला रंग दिला. आतल्या बाजूला ब्रश टेकवला नाही. पुरावा आहे. सह्या करायला दार लावून घेतील, म्हणजे आपोआप बघतील, असं वाटलं होतं. पण रंग वाळेना, म्हणून रंगाऱ्याने दार उघडंच अडकवून ठेवलं. आणि तुम्ही आता सांगणार."

"मला त्याचाच पगार मिळतो," तपासनीस म्हणाली, आणि बैठकीच्या खोलीकडे निघाली.

६

खोलीत अध्यक्ष होते, मंडळाचे दोन सदस्य होते आणि सह्या झाल्या की आभार मानायला वकील होता. निकालावर चर्चा करताना मोबाइल बाहेर ठेवायचा नियम होता, म्हणून सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या टोपलीत होते. दार आत उघडून भिंतीला चिकटवलेलं, पुढ्यात एक स्टूल, स्टुलावर कागद: रंग ओला आहे.

"सापडलं का दार?" अध्यक्षांनी पेन उघडत विचारलं.

"सापडलं."

वकील उभा राहिला. "कुठे? कोणी नेलं होतं?"

"कोणी नेलंच नाही. इथेच आहे." तिने स्टूल बाजूला केलं. "जरा लावते, म्हणजे दिसेल."

तिने कडेला धरून दार ओढलं. ते सुरेख बसलं होतं. खट्.

भिंतीकडे तोंड केलेली बाजू आता खोलीकडे झाली. हिरवी. ओरखड्यांनी सोललेली. वकिलाच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... हे उलटं लावलंय!"

"मग उघडा. सुलटं लावू."

तो तरातरा आला. हात पुढे केला आणि हात हवेतच राहिला. धरायला काही नव्हतं. त्याने खांदा लावला. दार आत उघडणारं, ढकलून काय होणार? फटीत बोटं घालायला गेला तर फट पोस्टकार्डाच्या जाडीची. एका सदस्याने खिडकी पाहिली. गज होते. दुसऱ्या सदस्याला, जे सुनावणीभर पेंगत आले होते, नेमकी आत्ता लघवीची आठवण झाली.

"कोणी आहे का?" अध्यक्षांनी सभ्यपणे टकटक केली. मग तळव्याने थाप मारली. मग मुठीने. त्यांचा श्वास चढला. ते दाराच्या काठाशी बोटांनी चाचपू लागले, नखं रुतवून ओढू लागले.

"साहेब," तपासनीस म्हणाली, "हात आहे तिथेच ठेवा."

ते थबकले. त्यांची नखं जुन्या ओरखड्यांत बसली होती.

"बघा, ओरखडे कुठे आहेत. दाराच्या मधोमध एकही नाही. बाहेरून आत यायला दार वाजवणारा मधोमध वाजवतो. या सगळ्या खुणा काठाशी आहेत, हँडल असायला हवं होतं बरोबर तिथे. आणि खाली, फटीशी, जिथून समोरच्या खोलीतला आवाज येतो. मांजराला काय ठाऊक, हँडल कुठे असायला हवं?" तिने वकिलाकडे पाहिलं. "तुम्ही आता तिथेच हात घातलात. साहेबांनीही तिथेच घातला. आत अडकलेला माणूस तिथेच हात घालतो. चौकट बघायची गरजच नव्हती. दार कुठली बाजू आतली ते स्वतःच सांगत होतं, कोणी खाली उतरून विचारलं नाही."

"ही छेडछाड आहे," वकील म्हणाला, पण आवाज बसला होता.

"निकालाच्या वेळी पुरावा मंडळासमोर हजर असावा, हा तुमचाच नियम. इतका समोर आलेला पुरावा मी जन्मात पाहिला नाही. आणि रंग बाहेरून दिलाय, आतल्या खुणांना कोणी बोट लावलेलं नाही. साहेबांनी लावलं तेवढंच."

अध्यक्षांनी हात काढून घेतला. एका नखातून रक्त येत होतं.

बाहेर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली.

"कोण आहे?" अध्यक्ष ओरडले.

"मी," आजीचा आवाज आला.

"दार उघडा!"

"उघडू का?" तिने विचारलं. खरोखरच विचारलं.

"उघडा हो, बाई! आम्ही आत अडकलोय!"

"आम्हाला सांगायचे, वेळ झाली की उघडेल. रडून काही होत नाही." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती आठवत होती, एवढंच.

अध्यक्षांनी कपाळ दाराला टेकवलं. "कोण सांगायचं असं?"

"हँडलच्या बाजूला असेल ते."

मग हँडल फिरल्याचा आवाज आला, हळू, अडखळत, ते हँडल पहिल्यांदाच फिरवणाऱ्याच्या हाताने. दार आत आलं. उंबऱ्यात आजी उभी होती. एक हात हँडलवर, दुसऱ्या तळव्याला बदामी रंग. मागे तिचा मुलगा होता. त्याच्यामागे सचिवबाई होत्या, चष्म्याशिवाय.

अध्यक्षांनी आजीच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग टेबलाशी गेले, समोरचा टाइप केलेला कागद फाडला आणि कोरा ओढला.

"सचिवबाई," ते म्हणाले, "त्या कुंड्या परत पाठवा."

खाली टेम्पो उभा होताच. त्यात कुंड्या भरल्या गेल्या. वकील पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, मांडीवर एक कुंडी घेऊन, कारण मागे मावत नव्हती.

तपासनीस सही करून निघाली तेव्हा आजी आणि सुतार तिच्या पुढेच होते. दोघांमध्ये आता एका माणसाचंही अंतर नव्हतं, आणि ते एकमेकांकडे बघत नव्हते. प्रवेशाच्या दारापाशी आजी थांबली. हात बाजूला, मान किंचित खाली.

रखवालदार सवयीने उठला.

"थांबा हो," सुतार म्हणाला. "आई उघडेल."